दरडोई पदकं मोजून देशांची तुलना न्याय्य होते का?

पदकतालिका_वाचक: पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये अमेरिका आणि चीन दोघांचीही ४० सुवर्णं, रौप्यपदकं जास्त (४४ विरुद्ध २७) म्हणून अमेरिका पहिली. यात लोकसंख्येचा विचारच नाही. दरडोई काढावं तर दोन कांस्यपदकांवर ग्रेनाडा पहिला येतो. याहून बरी रीत आहे का?

आकडेमोड: आहे. नुसत्या भागाकाराने चिमुकले देश वर येतात. सुमारे सत्तर हजार वस्तीच्या डॉमिनिकाला तिहेरी उडीत एक सुवर्ण मिळालं आणि दरडोई यादीत तो थेट दुसरा. मोठ्या देशांवर उलटा अन्याय होतो, कारण प्रवेशाला मर्यादा असते: जलतरणाच्या वैयक्तिक शर्यतीत एका देशाचे दोनच खेळाडू, अॅथलेटिक्समध्ये तीन.

म्हणून असं विचारा: सगळे देश सारखेच तयारीचे असते, तर एवढी पदकं मिळण्याची शक्यता किती? आधी अपेक्षित पदकं काढा. पॅरिसची एकूण सुमारे १०४० पदकं गुणिले देशाची लोकसंख्या, भागिले जगाची. न्यूझीलंडचं (५३ लाख) उत्तर ०.७ येतं, मिळाली २०. आता पॉइसन वितरणाने (सरासरी माहीत असताना एखादी गोष्ट किती वेळा घडेल याची शक्यता देणारं सूत्र) २० किंवा अधिक पदकांची शक्यता काढा आणि तिच्या लॉगवर (लॉगरिदम) क्रम लावा, सर्वात लहान शक्यता वर. एक्सेलमध्ये 'एक वजा पॉइसन' (१ मधून १९ पर्यंतच्या पदकांची शक्यता वजा) करू नका. न्यूझीलंडची शक्यता १० चा उणे २२ वा घात इतकी लहान आहे, तिथे वजाबाकी शून्यच दाखवते. त्याऐवजी गॅमा.डिस्ट(अपेक्षित, मिळालेली, १, ट्रू) वापरा. डॉमिनिकाची शक्यता ०.९ टक्के. असे छोटे देश बरेच आहेत. त्यातल्या एखाद्याला पदक मिळणं फारसं नवल नाही.

दुसरी_फेरी: रीत चांगली, पण पॉइसनमध्ये प्रत्येक पदक स्वतंत्र धरलं जातं, तसं ते नसतं. २००८ मध्ये एकट्या जलतरणपटू फेल्प्सने ८ सुवर्णं जिंकली. हॉकीचा अख्खा संघ जिंकला तरी तालिकेत एकच. शिवाय यजमानपद: फ्रान्स टोकियोत ३३, पॅरिसला ६४. निदान तीन ऑलिंपिकची बेरीज घ्या.

पदकतालिका_वाचक: आणि देशाची श्रीमंती?

आकडेमोड: तिच्यासाठी रिग्रेशन (अनेक घटकांवरून पदकांचा अंदाज बांधणारी रीत) लागेल. त्यात घाला: लोकसंख्येचा लॉग, जीडीपीचा लॉग, यजमान असल्यास १, नाहीतर ०. पदकांचा लॉग मात्र घेऊ नका, शून्य पदकांचे देश गळतात आणि निकाल फुगतो. ऋण द्विपद (negative binomial) रिग्रेशन घ्या, ते मोजणीच्या आकड्यांसाठीच असतं आणि त्यात शून्यही चालतं. अंदाजापेक्षा किती जास्त पदकं आली त्यावर क्रम लावा. खेळवार यादीही वेगळी ठेवा. केनियाची पॅरिसमधली ११ च्या ११ पदकं अॅथलेटिक्सची होती, आणि एकत्रित आकड्यात ते दिसतच नाही.