व्हीआर गेमिंग सुरू करायचंय, संगणक जुना आणि पोट नाजूक – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मॉनिटरसमोर बसून खेळतोय, आता व्हीआरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायच्या आभासी जगात) उतरावं म्हणतो. अनुभव म्हणाल तर पुठ्ठ्याच्या डब्यात फोन घालून पाहिलेले ३६० अंशांचे व्हिडिओ, बस्स. गेले काही आठवडे वाचतोय, पण जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतोय. म्हणून हा धागा.

माझ्याकडे डेस्कटॉप आहे. रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी, १६ जीबी रॅम, विंडोज ११. राउटर बाहेरच्या खोलीत आहे आणि संगणक वायफायवर चालतो. तिथपर्यंत लॅन केबल ओढता येणार नाही, घरात त्यावरून आधीच वाद झालेत. मोकळी जागा साधारण दोन मीटर बाय दीड मीटर, डोक्यावर पंखा. चष्मा उणे साडेतीनचा. आणि मुख्य अडचण अशी की वळणाच्या रस्त्यावर गाडीत मागे बसलो की मला हमखास मळमळतं.

प्रश्न असे:
हे ग्राफिक्स कार्ड चालेल का, की आधी कार्ड बदलू?
ओळखीतला एकजण वापरलेला एचपी रिव्हर्ब जी२ हेडसेट जवळजवळ फुकटात देतोय. घेऊ का?
हेडसेट वायरवर चालवावा की वायफायवर?
फोनच हेडसेट म्हणून वापरून आधी चाचणी घेता येईल का?
आणि मळमळणाऱ्या माणसाने या वाटेला जावं की नाही?

हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स (व्हॉल्व्ह कंपनीचा व्हीआर गेम) खेळायचं हे एकमेव ठाम उद्दिष्ट. बाकी मिळेल ते.

– रिकामा_मॉनिटर

---

तारेवरचा:

आधी रिव्हर्बचं बघू, कारण ते घाईने घेऊन बसाल. हेडसेट म्हणून वस्तू उत्तम, चित्र आजही बऱ्याच नव्यांना लाजवेल असं. पण तो विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालतो, आणि ती व्यवस्था बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. सेटिंग्जमधलं 'अबाउट' उघडा, तिथे आवृत्ती दिसेल. २४एच२ किंवा त्यापुढची असेल तर हेडसेट जोडल्यावर काहीच होणार नाही. बिगर-अधिकृत मार्ग निघालेत, पण ज्याला पहिल्यांदाच स्टीमव्हीआर (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं व्हीआर सॉफ्टवेअर) उघडायचंय त्याने त्यात पडू नये. काही बिघडलं तर दोष हेडसेटचा, ड्रायव्हरचा की तुमचा, हेच कळणार नाही. सॅमसंग, लेनोवो, एसर यांचे त्याच कुटुंबातले हेडसेटही याच कारणाने स्वस्त मिळतात.

दुसरी गोष्ट, त्याचं रिझोल्यूशन दर डोळ्याला २१६० × २१६०. म्हणजे दोन्ही मिळून ९३ लाखांवर पिक्सेल, साध्या १०८०पी मॉनिटरच्या साडेचारपट. तुमच्या कार्डाला तसाही घाम फुटेल.

फोनचं म्हणाल तर नको. फोनला डोकं कुठे वळलं तेवढं कळतं, डोकं पुढे-मागे सरकलं ते कळत नाही. तुम्ही वाकता आणि जग तुमच्याबरोबर वाकतं. मळमळीची चाचणी म्हणून याहून चुकीचं साधन नाही. तिथे उलटी आली म्हणून खऱ्या हेडसेटवर येईल असं नाही.

---

फ्रेममोजणी:

कार्ड चालेल. अ‍ॅलिक्सची किमान गरज जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८०, ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि १२ जीबी रॅम अशी आहे. तुमचं १६६० सुपर त्याच्या वरच बसतं. २०२० चा गेम आहे आणि व्हॉल्व्हने तो फार नीट बांधलाय. सेटिंग्ज खाली ठेवून आरामात होईल.

मात्र मॉनिटरवरची सवय इथे उपयोगाची नाही. मॉनिटरवर सेकंदाला साठाचे पंचेचाळीस फ्रेम (चित्रं) झाले तरी माणूस खेळत राहतो. हेडसेटमध्ये ७२ हर्ट्झला (सेकंदाला ७२ चित्रं) प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१. त्या वेळेत चित्र तयार झालं नाही तर सॉफ्टवेअर आधीच्या चित्रावरून अंदाजाने मधली फ्रेम घालतं. हलणाऱ्या वस्तूंच्या कडा पाण्यात थरथरल्यासारख्या दिसू लागल्या की समजायचं, कार्ड मागे पडलंय. तुमच्यासारख्याने ७२ वर लावून स्थिर ठेवावं. ९० च्या हट्टाने अडखळत खेळण्यात मजा नाही, आणि मळमळीचं अर्धं कारण तिथेच असतं.

स्टीमव्हीआरमध्ये रेंडर रिझोल्यूशनची (गेमचं चित्र किती पिक्सेलचं बनवायचं त्याची) पट्टी आहे. 'ऑटो' काढा आणि हाताने खाली आणा. गेममधल्या सावल्या-बिवल्या नंतर. सगळ्यात मोठा फरक त्या एका पट्टीने पडतो.

स्टीमवर 'स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट' फुकट आहे. हेडसेट नसतानाही चालते. चालवून इथे सांगा.

---

चक्रधर:

मळमळीवर माझं मत जरा वेगळं आहे. बसून खेळा! मी फक्त गाड्या चालवतो. असेटो कोर्सा, स्टीअरिंग व्हील, खुर्ची. डोळ्यांपुढे डॅशबोर्ड स्थिर असतो, हात खऱ्या चाकावर असतात. पंख्याची भीती नाही, जागेची भीती नाही.

---

फ्रेममोजणी:

@चक्रधर तुमचं पोट लोखंडी आहे म्हणून. ज्याला गाडीत मळमळतं त्याला पहिल्याच दिवशी वळणांवर पिटाळणं म्हणजे वैर. डोळे सांगतात गाडी वळली, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण खुर्चीत बसलोय. भांडण याच दोघांचं आहे. कॉकपिटचा आधार होतो हे खरं, पण विमानात आणि अंतराळयानात जास्त, रेसिंगमध्ये सगळ्यात कमी.

---

चक्रधर:

मान्य, पण ड्रायव्हर म्हणून बसणं आणि मागे बसणं यात फरक आहे. मलाही मागच्या सीटवर होतं, चालवताना कधीच नाही.

---

दोन_पावलं_मागे:

धागाकर्ते, ज्या खेळांत तुमचे पाय हलतात तेवढेच तुम्ही हलता, अशा खेळांपासून सुरुवात करा. बीट सेबर, जॉब सिम्युलेटर, सुपरहॉट व्हीआर. व्हॉल्व्हचं 'द लॅब' २०१६ पासून फुकट आहे आणि अजूनही पहिल्या दिवसासाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यातली धनुष्यबाणाची जागा एकदा खेळून बघा. इथे डोळे आणि कान यांचं भांडणच होत नाही, कारण जग जागेवर असतं.

कंट्रोलरवरची काडी ढकलून चालायचे खेळ नंतर. अ‍ॅलिक्समध्ये सुदैवाने टेलिपोर्टची सोय आहे. बोट दाखवा, तिथे जा. वळण्यासाठी टप्प्याटप्प्याने वळणारा 'स्नॅप टर्न' निवडा, गुळगुळीत वळण नको. काही खेळांत हालचाल करताना कडेचं दृश्य काळं करण्याची सोय असते, तीही सुरू ठेवा. लोक हसतात, हसू दे.

आणि मला नेहमी राग येतो तो एका सल्ल्याचा: 'सहन करत राहा, सवय होते.' उलट होतं. तोंडाला पाणी सुटलं, कपाळ गार पडलं की तिथल्या तिथे हेडसेट काढायचा, त्या दिवशी परत घालायचा नाही. ओढूनताणून खेळलेल्या माणसाला पुढे नुसता हेडसेट पाहूनही कसंतरी होतं. थोडं-थोडं खेळणाऱ्याची सवय खरोखर वाढते. समोर टेबलफॅन लावा. गार वाटतं ते आहेच, पण वारा कुठून येतोय त्यावरून आपलं तोंड कुठे आहे हेही कळत राहतं.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. पोटाची परीक्षा घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

चष्म्याबद्दल: पडदा डोळ्याजवळ असला म्हणून चष्मा लागणार नाही असं समजू नका. आतल्या लेन्समुळे नजर एक-दोन मीटरवर ठरते, तेव्हा उणे साडेतीनला चष्मा हवाच. मात्र चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सवर घासली की दोन्हीवर ओरखडे. नंबराच्या इन्सर्ट लेन्स मिळतात, त्या बसवून घ्या. आणि हेडसेट खिडकीपाशी उन्हात कधीच ठेवू नका. भिंगातून ऊन थेट पडद्यावर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो.

---

रिकामा_मॉनिटर:

सगळ्यांचे आभार. आवृत्ती २४एच२ च निघाली, रिव्हर्बला रामराम. टेस्टही चालवली. काटा हिरव्यात, खाली 'रेडी' असं आलं. म्हणजे निश्चिंत ना?

आता नवा कोणता घ्यावा? आणि वायरचं कोणीच बोललं नाही.

---

फ्रेममोजणी:

निश्चिंत नाही, पण निराशही नाही. ती टेस्ट २०१६ ची आहे. तेव्हाचे व्हाइव्ह आणि ऑक्युलस रिफ्ट दर डोळ्याला १०८० × १२०० चे होते. आजच्या हेडसेटला त्याच्या कितीतरी जास्त पिक्सेल लागतात. 'रेडी' याचा अर्थ सुरुवात करायला हरकत नाही, इतकाच घ्या.

---

तारेवरचा:

हेडसेटचं माझ्या मते असं. व्हॉल्व्ह इंडेक्स, जुना व्हाइव्ह यांना खोलीच्या कोपऱ्यांत बेस स्टेशन (हेडसेट कुठे आहे ते ओळखायला मदत करणारी खोकी) लावावी लागतात. ट्रॅकिंग अप्रतिम, पण दोन बाय दीडच्या खोलीत आणि पहिल्या हेडसेटसाठी तो पसारा मी नाही सुचवणार. प्लेस्टेशन व्हीआर२ ला ऑगस्ट २०२४ पासून पीसी अडॅप्टर आहे. ओलेड पडदा, काळा रंग खरोखर काळा. पण डिस्प्लेपोर्ट १.४ मोकळं हवं, संगणकात ब्लूटूथ हवं, आणि एचडीआर, नजरेचा माग घेणं वगैरे त्याच्या खास गोष्टी पीसीवर चालत नाहीत.

तुमच्यासाठी मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस. लेन्स जुन्या पद्धतीच्या फ्रेनेल, रिझोल्यूशन क्वेस्ट २ इतकंच, दर डोळ्याला १८३२ × १९२०. क्वेस्ट ३ च्या पॅनकेक लेन्समध्ये कडेपर्यंत स्पष्ट दिसतं, पण जास्तीचे पिक्सेल भरायला तुमचं कार्ड कमी पडेल. ३एस मध्ये दोन डोळ्यांतलं अंतर तीनच टप्प्यांत बदलता येतं, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. चष्म्याच्या दुकानात तुमचं अंतर मोजून घ्या. या टप्प्यांपासून फार लांब असेल तर क्वेस्ट ३ चा विचार करा.

एक सांभाळा: खेळ स्टीमवरून घ्या. मेटाच्या दुकानातून घेतलेला खेळ बहुतेक वेळा हेडसेटच्या आतच चालतो, संगणकाशी त्याचा संबंध नाही. अ‍ॅलिक्स तर पीसीशिवाय चालतच नाही.

आणि वायर. राउटर दुसऱ्या खोलीत, संगणक स्वतःच वायफायवर, म्हणजे चित्र दोनदा हवेतून जाणार. सोडून द्या. यूएसबी ३ ची लांब केबल घ्या.

---

दोन_पावलं_मागे:

वायर घेऊन गोल फिरलात की पायात वेटोळं. दुसरा उपाय आहे. एक वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर आणा, त्याच खोलीत ठेवा, लॅन केबलने संगणकाला जोडा आणि त्यावर फक्त हेडसेट चढवा. घराचं इंटरनेट किती वेगाचं आहे याचा चित्राशी काही संबंध नाही, चित्र संगणकातून हेडसेटपर्यंतच जातं. संगणक बाहेरच्या राउटरशी वायफायने जोडलेला राहू दे. वायरीशिवाय चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी स्टीम लिंक फुकट आहे, एअर लिंकही. व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घ्यावं लागतं, पण त्यात फ्रेम कुठे अडकते ते नेमकं दिसतं.

---

तारेवरचा:

पहिल्याच आठवड्यात माणसाला नेटवर्क इंजिनिअर करू नका. आधी केबल, सगळं चालतंय कळलं की राउटर.

---

चक्रधर:

पंख्याचं कोणी बोलणार आहे का?

---

दोन_पावलं_मागे:

बरं आठवण केलीत. हेडसेटची सीमारेषा जमिनीवर आखलेली असते, छताचं तिला काही माहीत नसतं. बीट सेबरमध्ये हात सरळ वर जातात. पंखा बंद करून, हात पूर्ण उंच करून आधी अंदाज घ्या. पाती लागत असतील तर उभ्याने खेळताना पंखा बंदच, टेबलफॅन आहेच. मनगटाचे पट्टे घातल्याशिवाय कंट्रोलर हातात घ्यायचा नाही. जागेच्या मधोमध पायपुसणं टाका. अनवाणी पायाला ते लागत राहिलं की आपण मध्ये आहोत हे डोळे झाकूनही कळतं. दोन बाय दीड मीटर ही स्टीमव्हीआरच्या रूम-स्केलची (खोलीत फिरून खेळायच्या प्रकाराची) किमान जागा आहे, म्हणजे भिंत कायम हाताच्या अंतरावर आहे असं धरून चला.

---

रिकामा_मॉनिटर:

ठरलं. क्वेस्ट ३एस, लांब केबल, इन्सर्ट लेन्स, आणि 'द लॅब'. पंखा बंद करून हात वर केला, बोटं पात्यांना लागतात. तो बंदच राहील.

शेवटची शंका: कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला यूएसबी ३ आहे, मागेही आहे. केबल कुठे लावू?

---

तारेवरचा:

मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला. पुढचं पोर्ट आतल्या वायरमधून येतं आणि लांब केबलला तिथे कटकट होते. मेटाच्या पीसी सॉफ्टवेअरमध्ये केबलची चाचणी आहे, आकडा यूएसबी २ च्या पातळीला आला तर दुसरं पोर्ट बघा. आणि बॅटरीवर लक्ष ठेवा, काही पोर्ट हेडसेट खातो तेवढी वीज देत नाहीत.