एलडीएच एकदम वाढला तर आधी रक्ताचा नमुना बघा

‘रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढलं म्हणजे लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) उलटलाच’ असं कुणी म्हणालं, तर ते मला पटत नाही. लिम्फोमात हा आकडा महत्त्वाचा आहेच, आजाराचा जोर ठरवताना तो धरतातच. पण हे एन्झाइम शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, आणि तांबड्या पेशींत तर रक्तद्रवाच्या कितीतरी पट. आईची केमो संपून आठ महिने झाले होते. एलडीएच २१०च्या आसपास असायचा, तो अचानक ६४० आला. दोन रात्री घरात कुणाला झोप नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि बोट ठेवलं ते पोटॅशियमवर, तेही वाढलेलं. खाली बारीक अक्षरांत ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ लिहिलेलं होतं, आमचं लक्षच गेलं नव्हतं. शीर सापडेना म्हणून त्या दिवशी तीनदा टोचलं होतं. रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं एन्झाइम आणि पोटॅशियम नमुन्यात उतरलं, ‘हिमोलाइज्ड’ म्हणजे हेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं, तर २१८.

आणि केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन देतात ना, त्यानेही एलडीएच चढतो. रिपोर्ट दाखवताना ते कधी घेतलं ती तारीख डॉक्टरांना नक्की सांगा.