मॉन्टगोमेरी क्लिफ्ट: तीन रविवार, तीन सिनेमे. कोणते घ्यावेत?

तापीकाठ (शहादा)

नमस्कार मंडळी. शहाद्यात एका शाळेच्या हॉलमध्ये एप्रिलचे तीन रविवार जुना अमेरिकन नट मॉन्टगोमेरी क्लिफ्टचे सिनेमे दाखवायचे ठरले आहे. चाळीस-पन्नास प्रेक्षक असतील: कॉलेजची मुलं, काही शिक्षक, आणि जवळच्या पुनर्वसन वसाहतींमधली मंडळी. सबटायटल मराठीत करतो आहोत. सध्याचा बेत असा: पहिला 'अ प्लेस इन द सन', दुसरा 'रेनट्री काउंटी', तिसरा 'द मिसफिट्स'. म्हणजे 1956 च्या मोटार अपघाताआधीचा, अपघाताच्या वेळचा आणि नंतरचा क्लिफ्ट. सोबत एका पानाचं टिपण वाटायचं आहे. निवड बरोबर आहे का? टिपणात काय असावं? प्रोजेक्टर 3000 ल्युमेनचा, पडदा 12 फूट रुंद, आणि लाइटीचा भरवसा नाही.

रीळवाला (धुळे)

पहिला सिनेमा ठेवा, बाकीचे दोन्ही बदला.

'रेनट्री काउंटी' तीन तासांचा आहे आणि त्यात क्लिफ्टचं काम त्याच्या उत्तम कामांपैकी नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे लोक सिनेमा बघत नाहीत, चेहरा तपासत बसतात: हा शॉट आधीचा की नंतरचा? याचं चित्रीकरण चालू असताना 12 मे 1956 च्या रात्री सिनेमाची नायिका एलिझाबेथ टेलरच्या घरची मेजवानी आटोपून डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्याने उतरताना त्याची गाडी टेलिफोनच्या खांबावर आदळली. जबडा आणि नाक मोडलं, चेहऱ्याची डावी बाजू नीट हलेना. चित्रीकरण दोनेक महिने थांबलं आणि पुढे त्याच सिनेमात तो परत उभा राहिला. हे टिपणात दोन ओळींत सांगता येतं. त्यासाठी लोकांना तीन तास बसवू नका.

'अपघाताआधी आणि नंतर' ही मांडणीच मला चुकीची वाटते. त्याचे एकूण सिनेमे 17. अपघाताआधी 8 पूर्ण झाले, एक मधे अडकला, नंतर 8 झाले. निम्मं काम नंतरचं आहे. आणि 1953 च्या 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'नंतर 1957 च्या 'रेनट्री'पर्यंत पडद्यावर त्याचा एकही नवा सिनेमा नाही. त्यातली जवळजवळ तीन वर्षं तर अपघाताच्या आधीचीच. तो संहिता नाकारत होता, 1954 मध्ये न्यूयॉर्कला चेखॉव्हचं 'द सीगल' रंगभूमीवर करत होता. सगळं दुखणं खांबावर टाकलं की हा माणूस मुळात किती चोखंदळ होता हेच झाकलं जातं. 'सन्सेट बुलेव्हार्ड'ची भूमिका त्याने सोडली, ती विल्यम होल्डनने केली. स्टुडिओचा सात वर्षांचा बंधनाचा करार त्याने घेतलाच नाही. त्या काळात नव्या नटाने असं करणं म्हणजे हातची पगारी नोकरी लाथाडणं.

माझा क्रम असा: पहिल्या रविवारी 'द सर्च' (1948), दुसऱ्या रविवारी 'अ प्लेस इन द सन' (1951), तिसऱ्या रविवारी 'वाइल्ड रिव्हर' (1960).

'द सर्च' फक्त 105 मिनिटांचा. युद्धानंतर खरोखर उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शहरांत फ्रेड झिनेमनने तो चित्रित केला. आई हरवलेला चेक मुलगा आणि त्याला इंग्रजी शिकवणारा अमेरिकन सैनिक. भाषा न कळणाऱ्या पोराची गोष्ट असल्याने सबटायटलवर बसणाऱ्या प्रेक्षकालाही तो लगेच धरतो. क्लिफ्ट त्यात अभिनय करतो आहे असं वाटतच नाही. सॅन्डविच खातो, बोलता बोलता थांबतो, मुलाकडे बघत राहतो. 'रेड रिव्हर'चं चित्रीकरण 1946 मध्ये आधी झालं होतं, पण तो रखडला आणि 'द सर्च' आधी लागला. म्हणून लोकांनी क्लिफ्टला पहिल्यांदा पाहिलं ते गुराख्याच्या नाही, सैनिकाच्या वेशात.

आणि 'वाइल्ड रिव्हर'. शहाद्यात हा दाखवायचा नाही तर कुठे दाखवायचा! 1930 च्या दशकातली टेनेसी नदी. पूर आवरायला आणि वीज आणायला सरकार धरणं बांधतं आहे. बुडितातल्या बेटावर ऐंशीची एला गार्थ बसून आहे; मोबदला नको, जागा सोडणार नाही. तिला हलवायला आलेला सरकारी माणूस म्हणजे क्लिफ्ट. दिग्दर्शक एलिया कझानने यात कोणालाही खलनायक केलेलं नाही. सुरुवातीलाच पुराची खरी काळी-पांढरी दृश्यं येतात, त्यात घरची माणसं वाहून गेलेला एक जण बोलतो. म्हणजे धरण का हवं हे आधी पटतं, आणि मग म्हातारी पटते. उकईच्या पाण्याने नवापूरकडची गावं गेली, सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीची 33 गावं गेली. तुमच्या हॉलमधल्या काही जणांना हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही.

अभिनयाच्या दृष्टीनेही तो उत्तम आहे. अपघातानंतरचा क्लिफ्ट जरा वाकलेला, अडखळणारा, कष्टाने उभा राहिल्यासारखा दिसतो. कझानने ते लपवलं नाही, भूमिकेतच वापरलं. सरकारचं सगळं बळ पाठीशी असलेला हा माणूस गावातल्या मारामारीत मार खातो, निर्णय घ्यायची वेळ आली की पुढाकार ली रेमिकची कॅरल घेते. धट्टाकट्टा नायक असता तर म्हातारीवर अन्याय करणारा साहेब दिसला असता. क्लिफ्टमुळे तो स्वतःच्या कामाची लाज वाटणारा माणूस दिसतो.

बॅटरीबाबा (भुसावळ)

निवडीवर रीळवाल्यांशी सहमत. मी यंत्राचं बोलतो, कारण या तीन सिनेमांचे आकार वेगळे आहेत.

'द सर्च' आणि 'प्लेस इन द सन' जुन्या चौकोनी आकाराचे, 1.37 ला 1. 'वाइल्ड रिव्हर' सिनेमास्कोप, 2.35 ला 1. प्रोजेक्टर 16:9 चा असेल तर 12 फूट रुंदीला उंची पावणेसात फूट. त्यात पहिले दोन सिनेमे साधारण सव्वानऊ फूट रुंद दिसतील, दोन्ही बाजूंना काळं राहील. ते काळं राहू द्या. कोणीतरी रिमोट घेऊन 'फुल' करतो आणि मग क्लिफ्टचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. 'प्लेस इन द सन'मध्ये जॉर्ज स्टीव्हन्सने नाचाच्या प्रसंगात दोघांचे चेहरे लांब पल्ल्याच्या लेन्सने पडदाभर घेतले आहेत. ताणले तर सगळी मेहनत वाया. 'वाइल्ड रिव्हर' 12 फूट रुंद आणि जेमतेम 5 फूट 1 इंच उंच दिसेल, वर-खाली दहा-दहा इंच काळी पट्टी. सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत टाकू नका, पुढच्या रांगेची डोकी ते खातात. चित्राच्या आत ठेवा, आणि पडद्याची खालची कड खुर्च्या असतील तर जमिनीपासून 4 फूट घ्या, सतरंजी असेल तर 3 चालेल.

अंतर: प्रोजेक्टरच्या माहितीत थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) असतो. तो 1.5 असेल तर 12 फूट रुंदीसाठी 18 फूट अंतर. आदल्या दिवशीच फीत लावून मोजा.

एप्रिलात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, त्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटं खिडक्यांतून उजेड येतो. साडेसातच्या आधी सुरू करू नका. 3000 ल्युमेन अंधारात पुरतात, संधिप्रकाशात नाही.

आता लाइट. प्रोजेक्टर 300 वॅट, लॅपटॉप 65, स्पीकर 100, म्हणजे 465 च्या आसपास. 850 व्हीएचा इन्व्हर्टर आणि 12 व्होल्ट 150 एएचची चांगली बॅटरी असेल तर कागदावर 1800 वॅट-तास. तोटा आणि बॅटरी पूर्ण न उतरवणं धरून हातात 1150 च्या आसपास उरतात. अडीच तास. 'प्लेस इन द सन' 122 मिनिटांचा आहे, तोही निघतो. पण पंखे आणि कूलर त्या लाइनवर अजिबात नको. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर स्पीकर गुणगुणतात. आणि दिव्याच्या प्रोजेक्टरला लाइट जाताच झटका बसतो तो असा: दिवा तापलेला असतो आणि थंड करणारा पंखा एकदम बंद पडतो. म्हणून लाइटीवरून इन्व्हर्टरवर जाताना मधला क्षण भरून काढायला प्रोजेक्टरला एक छोटा यूपीएसही जोडा. दोन तासांनी प्रोजेक्टर स्वतःहून बंद पडला तर बहुतेक वेळा जाळीत धूळ असते. आधी ब्रशने साफ करा, आणि मागच्या बाजूने हवा जायला दीड फूट जागा सोडा.

कूलरबद्दल एकच विनंती. क्लिफ्ट हळू बोलतो, वाक्याच्या शेवटी आवाज जवळजवळ गिळतो. लोखंडी कूलर चालू असेल तर त्याचं निम्मं काम ऐकूच येणार नाही. सहापासून सव्वासातपर्यंत कूलर पूर्ण चालवून हॉल गार करा, सिनेमा सुरू झाला की बंद, फक्त पंखे.

अक्षरओळ (जळगाव)

सबटायटल करताना दोन ठिकाणी घोळ होतो.

एक, वेग. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. युरोपातल्या डीव्हीडीवर तो 25 ने पळवलेला असतो, त्यामुळे 110 मिनिटांचा 'वाइल्ड रिव्हर' तिथे साधारण साडेचार मिनिटांनी छोटा होतो. सबटायटल एका प्रतीवर केले आणि दाखवली दुसरी, तर सुरुवातीला जुळतं आणि शेवटी चार मिनिटं मागे-पुढे. व्हीएलसीत (सिनेमा चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) 'विलंब' बदलून हे सुटत नाही, कारण फरक दर मिनिटाला वाढतो. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट (सेकंदाच्या चौकटी) बदला, मग पहिला आणि शेवटचा संवाद जुळवून बघा.

दोन, फाइल. यूटीएफ-8 मध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये फॉन्ट देवनागरीचा निवडा. जोडाक्षरं तुटत असतील तर दुसरा फॉन्ट घ्या. दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका ओळीत 35 अक्षरांच्या आसपास, आणि दीड सेकंदापेक्षा कमी काहीही नको.

पुढे कधी 'रेड रिव्हर' केला तर आधी प्रत तपासा. एका प्रतीत डायरीची पानं दिसतात, ती 133 मिनिटांची. दुसरीत वॉल्टर ब्रेननचं निवेदन आहे, ती 127 ची. डी सिकाच्या 'टर्मिनल स्टेशन'चंही तसंच: मूळ 89 मिनिटं, अमेरिकेत निर्मात्याने कापून तासाभराचा केला. एकीचं सबटायटल दुसरीला चालत नाही.

'वाइल्ड रिव्हर'मधल्या धरणं बांधणाऱ्या सरकारी संस्थेला, 'टीव्हीए'ला, पहिल्यांदा 'टेनेसी खोरे प्राधिकरण' म्हणा. खोरे हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो. नंतर नुसतं 'प्राधिकरण'.

तापीकाठ (शहादा)

फार उपयोग झाला, मनापासून आभार. 'मिसफिट्स' आणि 'रेनट्री' काढले. टिपणाचा मसुदा: "मॉन्टगोमेरी क्लिफ्ट, जन्म 1920, ओमाहा. मेथड अभिनयाचा जनक, ऑस्करविजेता. 1956 मध्ये मोटार अपघातानंतर कारकीर्द संपली. 1966 मध्ये निधन." काही सुधारायचं असेल तर सांगा.

रीळवाला (धुळे)

तीन दुरुस्त्या. ऑस्कर मिळालं नाही. चार नामांकनं: 'द सर्च', 'अ प्लेस इन द सन', 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' आणि सहायक भूमिकेसाठी 'जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग'. त्यातलं शेवटचं अपघाताच्या पाच वर्षांनंतरचं, त्यामुळे 'कारकीर्द संपली' हे वाक्यच पडतं. त्या सिनेमात त्याचा एकच मोठा प्रसंग आहे: नाझींनी जबरदस्तीने नसबंदी केलेला मजूर साक्ष देतो, आईचा फोटो काढून न्यायालयाला दाखवतो. मानधन न घेता केलेलं काम. संवाद लक्षात राहीनात तेव्हा दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरने त्याला सुचेल तसं बोलू दिलं, आणि ती धडपड साक्षीदाराचीच होऊन गेली.

'मेथडचा जनक' तर अजिबात नको (मेथड म्हणजे स्वतःच्या भावना-आठवणींतून भूमिका उभी करायची पद्धत). तो तेराचौदाव्या वर्षापासून ब्रॉडवेवर होता, आल्फ्रेड लंटसारख्या जुन्या वळणाच्या नटाबरोबर काम करत शिकला. मेथडसाठी ओळखल्या जाणाऱ्या ॲक्टर्स स्टुडिओशी सुरुवातीला संबंध आला, पण तिथल्या ली स्ट्रासबर्गची शिकवण त्याला रुचली नाही. त्याची पद्धत म्हणजे संहिता घेऊन बसणं आणि संवाद खोडत जाणं. नजरेने होत असेल तर वाक्य काढायचं. मार्लन ब्रँडोही ओमाहाचाच, 1924 चा, म्हणून दोघांची नावं एका दमात घेतली जातात. आणि मोटार अपघातात गेला तो जेम्स डीन, 1955 मध्ये. मुलं हे हमखास एकत्र करतात. क्लिफ्ट स्वतःच्या अपघातानंतर दहा वर्षं जगला आणि 23 जुलै 1966 रोजी न्यूयॉर्कला हृदयविकाराने गेला, वय 45.

तो समलिंगी संबंधांत होता हे टिपणात एका साध्या वाक्यात लिहा किंवा लिहू नका, पण 'त्या दुःखाने झिजला' असं जोडू नका. त्याच्या पुतण्याने 2018 मध्ये केलेल्या माहितीपटाने ही रडकी गोष्ट चांगलीच खोडली आहे.

अक्षरओळ (जळगाव)

'वाइल्ड रिव्हर'मध्ये एला गार्थ आपल्या गड्याला म्हणते, तुझा कुत्रा मला विक. तो नाही म्हणतो. ती हट्ट धरते, तो नाहीच म्हणतो, आणि मग ती साहेबाकडे वळते. तिथे 'विक्री करणे', 'हस्तांतर' असलं नोटिशीतलं मराठी चुकूनही वापरू नका. 'विक' आणि 'नाही विकणार', एवढंच. ती वळते तेव्हा थोडा वेळ कोणी बोलत नाही. आधीच्या ओळीचा शेवट ओढून तिथे नेऊ नका, पडदा रिकामा सोडा. म्हातारीचं काम करणारी जो व्हॅन फ्लीट तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती. हे मात्र सिनेमा संपल्यावर सांगा.