जुन्या नेंडोरॉइडला चिकटपणा आलाय. बुंको आणि कानकोलेबद्दलही थोडं विचारायचंय

तिसरी_तोफ

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांत माझ्या फळीवर बरीच भर पडली आहे. त्यातल्या काही गोष्टींबद्दल जाणकारांचं मत हवंय.

सगळ्यात आधी शिमाकाझे, म्हणजे 'कानकोले' या जपानी ब्राउझर गेममधली मुलगी. त्यात जुन्या युद्धनौका मुलींच्या रूपात येतात. तिची नेंडोरॉइड (मोठ्या डोक्याची छोटी जपानी बाहुली) सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने खोकं उघडलंच नव्हतं, सील जसंच्या तसं. उघडल्याबरोबर प्लास्टिकचा उग्र वास आला आणि केसांना हात लावला तर बोटं चिकटली. रंग कुठेही उडालेला नाही, एक ओरखडा नाही, चेहरा तर बघत राहावा इतका स्वच्छ आहे. सोबतच्या रेन्सोहो-चान, म्हणजे तिच्या छोट्या तोफा-बाहुल्या, मात्र कोरड्या ठणठणीत. हे असं का? आणि केस धुतले तर चालतील का?

ही बाहुली मला फार प्रिय आहे, कारण तिच्यामागचं जहाज मला प्रिय आहे. खरी शिमाकाझे म्हणजे चाचणीत ४० नॉटच्या वर धावलेली विनाशिका. पाच-पाच नळ्यांचे तीन टॉर्पेडो संच आणि तीन जोडतोफा. नोव्हेंबर १९४४मध्ये ओर्मोकच्या उपसागरात विमानहल्ल्यात बुडाली. आता कानकोलेमधली मुलगी बघा: पाठीवर पाच नळ्यांचा संच आणि आजूबाजूला बागडणाऱ्या तीन रेन्सोहो-चान. जहाजावरच्या तीनही जोडतोफा चित्रकाराने तिच्यासोबत ठेवल्या आहेत. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी तिची झाले.

दुसरं म्हणजे, २०२४चा नवा अ‍ॅनिमे बघितल्यावर 'स्पाइस अँड वुल्फ' या कादंबरीमालिकेचे देंगेकी बुंकोचे (बुंको म्हणजे छोट्या आकाराची जपानी पुस्तकं) जुने खंड जमवायला घेतलेत. कडा पिवळ्या पडू लागल्यात. ते कसे ठेवावेत?

आणि शेवटचं. मी खेळते तो एक छोटा ब्राउझर गेम बंद होतोय, तशी घोषणा झाली आहे. त्यातलं काय आणि कसं जपून ठेवता येईल?

धूळझाड

अभिनंदन, शिमाकाझे घरी आली! घाबरू नका, फिगर खराब झालेली नाही.

केस आणि कपड्यांसारखे भाग बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, आणि तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. फिगर उघड्यावर असली तर थोडाथोडा उडून जातो. सीलबंद खोक्यात तो कुठे जाणार? तिथेच साचतो, उन्हाळ्यात तर जास्तच. तुमच्या रेन्सोहो-चान कोरड्या आहेत त्या बहुतेक एबीएसच्या असतील. त्या प्लास्टिकला हा त्रास होत नाही.

आता धुणं. कोमट पाणी घ्या, गरम नको, गरम पाण्यात पीव्हीसी मऊ होऊन वाकतं. भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब टाका. केसांचे पुढचे आणि मागचे भाग सुटे करा, चेहऱ्याची पाटी बाजूला ठेवा. डोळे छापलेले असतात, त्यांना विनाकारण घासू नका. मऊ ब्रशने केसांच्या खाचांमधून वरून खाली फिरवा. लिक्विडचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा, कापडाने टिपून घ्या आणि सावलीत वाळवा. सांध्याच्या भोकात पाणी राहतं, ते झटकून काढा. अल्कोहोल, थिनर, नेलपेंट रिमूव्हर यांपैकी काहीही जवळसुद्धा आणू नका, रंग जाईल.

काही आठवड्यांनी पुन्हा थोडा चिकटपणा येईल, आतला प्लास्टिसायझर अजून यायचा असतो. पुन्हा धुवा. दर वेळी कमी होत जातं.

आणि एक मनापासून सांगतो: तिला परत खोक्यात घालू नका. न उघडलेलं म्हणजे उत्तम राखलेलं, असं विक्रेते म्हणतात आणि लोक त्यावर जास्तीचे येन मोजतात, ते मला कधीच पटलं नाही. फिगर बाहेर हवी, थेट उन्हापासून दूर आणि हवा खेळती राहील अशा कपाटात. काचेचं दार असेल तर फट ठेवा. घर बदलताना खोक्यात भरावंच लागलं, तर भागांच्या मधे कंपनीने घातलेले पातळ प्लास्टिकचे तुकडे पुन्हा तसेच घाला. गडद भाग फिकट भागाला टेकून राहिला की त्याचा रंग उतरतो, आणि तो डाग पुढे कशानेही निघत नाही. शिमाकाझेच्या काळ्या रिबिनीखाली फिकट केस आहेत, तिथे विशेष लक्ष द्या.

पानउलटा

बुंकोबद्दल थोडक्यात. पिवळेपणा उलटा फिरवता येत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो. उजेड आणि दमट हवा ही दोन्ही टाळा. घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आतली ओल आतच राहते, त्यापेक्षा साधं कव्हर आणि बंद कपाट बरं. पुस्तकं उभी ठेवा, दाटीवाटी नको. कव्हरवरची कागदी पट्टी, म्हणजे ओबी, सांभाळा, ती सगळ्यात आधी फाटते. सुरुवातीची रंगीत चित्रं घडीची असतील तर त्याच घडीवर मिटा.

बाकी तुम्ही मालिका छान निवडलीत. २००६ ते २०११ मध्ये १७ खंड, आणि मग २०१६मध्ये थेट अठराव्यापासून पुन्हा सुरुवात. बाजारभाव, नाण्यांची अदलाबदल, उधारी यांवर इतकी गुंतवणारी कथा उभी राहू शकते हे मला त्या पुस्तकांनी दाखवलं. आयाकुरा जू यांची चित्रं मात्र कागदावरच बघा. ए-सिक्स आकाराच्या त्या पानावर नायिका होलोच्या शेपटीची एकेक रेघ दिसते.

जुना_अ‍ॅडमिरल

तुमचा गेम बंद होतोय हे वाचून वाईट वाटलं. ब्राउझर गेममधलं जवळपास सगळं सर्व्हरवर असतं, त्यामुळे सर्व्हर थांबला की तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून शेवटच्या तारखेची वाट न बघता आत्ताच कामाला लागा. प्रत्येक पात्राच्या पानाचा, तुमच्या संघाचा, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या. पात्रांचे संवाद स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवा, कोणत्या प्रसंगात काय म्हणते तेही. चित्रसंग्रह किंवा संगीताची सीडी निघाली असेल तर ती शोधा. बंद झालेल्या गेमचं अधिकृत साहित्य पुन्हा छापलं जाणं कठीण. डेटा उपसणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नका, बहुतेक गेमच्या नियमांत ते बसत नाही.

कानकोलेचंही असं होऊ शकलं असतं. एप्रिल २०१३मध्ये सुरू झाला तो फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या तंत्रावर. फ्लॅश डिसेंबर २०२०च्या अखेरीस संपलं आणि त्यावर उभे असलेले कितीतरी गेम त्यासोबत गेले. कानकोले ऑगस्ट २०१८मध्येच एचटीएमएल-फाइव्ह या नव्या तंत्रावर आला होता. खिडकी ८०० बाय ४८०ची १२०० बाय ७२० झाली आणि तीच चित्रं मोठी दिसायला लागली. माझा सगळा ताफा तसाच समोर होता, तो क्षण मी विसरणार नाही.

तुम्ही स्वतः खेळता की फक्त शिमाकाझेसाठी जीव टाकता?

तिसरी_तोफ

सगळ्यांचे मनापासून आभार. धूळझाड, केस धुतले! चिकटपणा बराच गेला, वासही उतरलाय. रिबिनीखाली डाग नाही, नखाएवढाही नाही. पानउलटा, खंड उजेडातून हलवले.

अ‍ॅडमिरल, नुकतंच सुरू केलंय. पहिली सोबतीण म्हणून फुबुकी ही विनाशिका घेतली. शिमाकाझे अजून मिळालेली नाही. जहाजं बुडण्याची मात्र फार धास्ती वाटते. नक्की कधी बुडतात?

जुना_अ‍ॅडमिरल

धास्ती हवीच, कारण बुडालेलं जहाज परत येत नाही, आणि त्यावर चढवलेलं साहित्यही त्याच्यासोबत जातं. नियम असा पाळा: लढाई संपली की प्रत्येकीची अवस्था बघा. बळ पाव हिश्श्यावर किंवा त्याखाली आलं की ती 'ताइहा', जबर जखमी. अशी एक जरी ताफ्यात असली तरी पुढच्या टप्प्यावर जायचं नाही, बॉस समोर असला तरी नाही. तिथून मागे फिरलात तर सगळ्या जिवंत परत येतात. पहिल्या जागेवरचं ध्वजजहाज बुडत नाही, पण ते ताइहा असताना गेम तुम्हाला तसंही पुढे जाऊ देत नाही.

इंधन, दारूगोळा, पोलाद थोडंथोडं आपोआप भरत राहतं, बॉक्साइट सगळ्यात हळू. विमानवाहू जहाजं उडवायला सुरुवात केलीत की ते पटकन संपतं. तोवर विनाशिकांवरच भर द्या आणि त्यांना मोहिमांवर पाठवत राहा. शिमाकाझे नशिबाने मिळते, पण फुबुकीला चांगली वाढवलीत तर ती कुठेही कमी पडत नाही.