मदत हवी आहे: सांगली-मिरजेत उन्हाळी रिसर्च इंटर्नशिप (आहार / सार्वजनिक आरोग्य), अर्जंट

कोयनावेल, १४ एप्रिल, रात्री ११:४०
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. या उन्हाळ्यात मला आहार आणि सार्वजनिक आरोग्य यावर रिसर्चचं काम हवंय. शेतापासून ताटापर्यंत अन्नाचं काय होतं आणि त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, असं काहीतरी. पुण्या-मुंबईला भरपूर मेल टाकले, कुणाचंच उत्तर नाही. एके ठिकाणी फोन लागला तर म्हणे "वेबसाइट बघा". वेबसाइटवर मागच्या वर्षीची जाहिरात! वर्गातल्या सगळ्यांचं ठरलंय. सांगली-मिरज सोडता येणार नाही. मानधन मिळालं तर हवंच आहे. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा. "गूगल कर" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावे.

बोलका_बगळा, रात्री ११:५२
काय शिकतेस? कितव्या वर्षाला? किती दिवसांसाठी? हे न सांगता उत्तर कसं देणार कोण?

अनुजा२२, १५ एप्रिल, सकाळी ७:१०
आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस आहे ना, विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना! दोन महिन्यांचं काम, मानधन पण मिळतं. माझ्या चुलतभावानं केली होती. भर लगेच.

पीएसएमवाला, सकाळी ७:४५
अनुजाताई, एसटीएस एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी असते. भाऊ मेडिकलला असणार तुमचा. आयुर्वेदवाल्यांना 'स्पार्क' आहे, सीसीआरएएसचं (केंद्राची आयुर्वेद संशोधन परिषद), दोन महिन्यांचे ५०,००० रुपये. धागाकर्ती यातली कुठली आहे ते तिनंच सांगावं.

कोयनावेल, सकाळी ८:३०
एम.एस्सी. भाग १, फूड सायन्स अँड न्यूट्रिशन. मला वाटलं विषयावरून कळेल.

बोलका_बगळा, सकाळी ८:३३
विषयावरून मला वाटलं तू डॉक्टर आहेस, अनुजाला पण वाटलं. असो. तीन विज्ञान अकादम्यांची (बंगळूर, दिल्ली, प्रयागराज) मिळून उन्हाळी फेलोशिप असते, पण तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतात. एप्रिलच्या मध्याला जागे झालेल्यांसाठी ती नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी यंदा दिवाळी झाली की लगेच बघ.

साताऱ्याचा_बापू, सकाळी ९:०५
सांगलीतच का अडकून बसलीस पोरी? फलटणला नारी आहे, निंबकरांची संस्था, १९६८ पासूनची. करडई, गोड ज्वारी, सगळं तिथलं. जाऊन तर बघ. आमच्या साताऱ्याकडं कुणाचं लक्षच नसतं.

बोलका_बगळा, सकाळी ९:११
बापू, तिनं पहिल्याच ओळींत लिहिलंय सांगली सोडता येत नाही म्हणून. आणि करडईचं वाण आणि सार्वजनिक आरोग्य यांचा संबंध जोडायला बरंच तेल घालावं लागेल.

साताऱ्याचा_बापू, सकाळी ९:१४
तेलच आहे ते. करडईचं. 😄

हळदीचा_राजा, सकाळी १०:२०
सांगलीत राहून करायचं तर हळद सोडून दुसरा विषय काय शोधताय? आत्ता मार्केट यार्डात आवक जोरात आहे. २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आपल्या हळदीला. कसबे डिग्रजला हळद संशोधन योजना आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची. हळदीतलं कर्क्युमिन (पिवळं द्रव्य) काढ, पेपर लिही, विषय संपला.

अनुजा२२, सकाळी १०:४१
हळद घेतेसच तर शिसं तपास की. २०१९ ला बांगलादेशातला अभ्यास गाजला होता. हळकुंडाला पॉलिश करताना रंग चढावा म्हणून लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) घालायचे, आणि ते शिसं बायकांच्या रक्तात पोचलेलं सापडलं. अन्नव्यवस्था आणि सार्वजनिक आरोग्य एकाच मुठीत!

हळदीचा_राजा, सकाळी १०:४६
ताई, बांगलादेशचं सांगलीच्या गळ्यात घालू नका. आमच्या तीन पिढ्या यार्डात गेल्या. उगाच बदनामी झाली की दर शेतकऱ्याचा पडतो.

अनुजा२२, सकाळी १०:४८
मी सांगलीचं नाव घेतलंच कुठं? तपास म्हटलं. स्वच्छ निघाली तर तुमचीच जाहिरात.

पीएसएमवाला, सकाळी ११:३०
दोघेही जरा थांबा. शिसं मोजायला एएएस किंवा आयसीपी-एमएस असं धातू मोजायचं यंत्र लागतं, ते काही कॉलेजच्या कपाटात नसतं. घरी हळदीवर ॲसिड टाकून गुलाबी रंग बघतात ती मेटॅनिल यलो या भेसळीच्या रंगाची चाचणी, शिशाची नव्हे. भारतात हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे, ते ठरवायला चांगली प्रयोगशाळा हवी आणि नमुन्यामागे पैसे मोजावे लागतात. दुसरं म्हणजे पोरीनं पिशवीत आणलेल्या नमुन्यावर कुणावर कारवाई होत नाही, तो अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक फी भरून विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, पण रिसर्च म्हणून ते दोन महिन्यांत आणि विनापैशाचं बसत नाही.
कोयनावेल, दोन गोष्टी सांग. हे काम प्रमाणपत्रासाठी हवंय, अनुभवासाठी की पैशासाठी? आणि सांगली का सोडता येत नाही?

टेक्सासकर_काका, दुपारी १२:१५
नमस्कार. मी मूळचा वाळव्याचा, आता ह्यूस्टन. माझा सल्ला मानशील तर इंटर्नशिपच्या मागे लागूच नकोस. सरळ जीआरई परीक्षा दे, इकडे येऊन एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) कर. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी ॲटलांटाला आहे, काय सुरेख चाललंय तिचं. आयईएलटीएससाठी मिरजेत क्लास निघालेत का अजून?

उगाच_एक, दुपारी १२:२०
काका, तिला या उन्हाळ्यात काम हवंय, ग्रीन कार्ड नको.

अनुजा२२, दुपारी १२:५०
मला अजून एक सुचलं. ऊसतोड मजुरांच्या बायका-पोरांचा आहार! खूप गरजेचा विषय आहे, बीडकडून येतात बिचारे.

साताऱ्याचा_बापू, दुपारी १२:५८
आवो, हंगाम संपला. टोळ्या गेल्या परत गावाला. मे महिन्यात उसाच्या फडात कोण घावणार, बगळे? शाळा पण बंद, म्हणजे पोषण आहार पण बंद. उन्हाळ्यात आहारावर काम करायचं म्हणजे आधी कोण जाग्यावर आहे ते बघाय लागतंय.

(बापू, पहिल्यांदाच कामाचं बोललात. - बोलका_बगळा)

कोयनावेल, दुपारी ३:१०
आत्ता वाचलं सगळं. आमचा मिरची कुटायचा डंक (कांडप यंत्र) आहे, घरच्या घरी. एप्रिल-मे म्हणजे चटणीचा हंगाम, आईला एकटीला झेपत नाही. सकाळी ११ पर्यंत मी डंकावर असते, म्हणून गाव सोडता येत नाही. आणि हे ओजेटीसाठी हवंय.

बोलका_बगळा, दुपारी ३:१२
ओजेटी! हे आता सांगतेस? अगं ते नव्या शैक्षणिक धोरणातलं ऑन जॉब ट्रेनिंग, सक्तीचं. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. त्याला मोठ्या संस्थेची फेलोशिप लागतच नाही. बाहेरची संस्था, तिथला एक मार्गदर्शक आणि शिक्क्याचं पत्र पाहिजे. आम्ही सकाळपासून दिल्ली-बंगळूर करतोय.

कोयनावेल, दुपारी ३:१५
पण मला खरंच रिसर्च करायचंय. आमच्याकडे बहुतेकजण बेकरीत १२० तास बसून पत्र आणतात. मला ते नकोय, म्हणून विचारलं.

अनुजा२२, दुपारी ३:३१
डंक असेल तर एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन करून घ्या हं. छोट्या धंद्याला लायसन लागत नाही, नुसतं रजिस्ट्रेशन, फी वर्षाला १०० रुपये. ऑनलाइन होतं. पाकिटावर नंबर टाकला की गिऱ्हाईक वाढतं.

कोयनावेल, दुपारी ३:३३
केलेलं आहे. धन्यवाद.

संख्याशास्त्री_मिरज, संध्याकाळी ५:००
घरबसल्या होणारं सांगतो. एनएफएचएस-५ चा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा) डेटा नोंदणी करून फुकट मिळतो. ६,३६,६९९ घरं, ७०७ जिल्हे. आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकून घे आणि सांगली, साताऱ्यातला रक्तक्षय काढ. ना मानधनाची भीक, ना कुणाची सही.

पीएसएमवाला, संध्याकाळी ५:२५
भागाकार करा साहेब. जिल्ह्याला सरासरी ९०० घरं येतात. जिल्ह्याचा एक आकडा ठीक आहे, पण त्यात पुन्हा तालुका, वय, आहार असे तुकडे पाडले की हातात काय उरतं? नवख्या मुलीला वेट (प्रत्येक घराला नमुन्यातला योग्य भार) लावायचंही कुणी सांगत नाही आणि मग टक्केवारीचे तक्ते फिरतात. शिकायला छान, पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नयेत.

संख्याशास्त्री_मिरज, संध्याकाळी ५:२८
वेट लावायला मी शिकवतो. एसपीएसएसवाले तुम्ही, म्हणून आरची भीती वाटते.

पीएसएमवाला, संध्याकाळी ५:५०
राहू दे. कोयनावेल, तुझ्या दारात विषय आहे आणि तू मुंबईला मेल करतेयस. तुमच्या डंकावर दिवसाला बायका किती येतात? प्रत्येकीची चटणी वेगळी. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि मीठ. मीठ बघ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. आपल्याकडे दोन्ही वेळच्या जेवणात चटणी, वर आमटी-भाजीतलं मीठ वेगळं. वर्षाच्या चटणीत किलोमागे किती मीठ पडतं, ती घरात किती दिवस पुरते, खाणारी माणसं किती. वजनकाटा तुझ्याकडे आहेच. यातून माणशी अंदाज निघतो. मीठ टिकाऊपणासाठी पडतं की चवीसाठी, तेही विचारता येईल.

हळदीचा_राजा, संध्याकाळी ६:०२
चटणीत मीठ कमी केलं तर पावसाळ्यात बुरशी धरंल. डॉक्टर लोकांना हे माहीत नसतं.

पीएसएमवाला, संध्याकाळी ६:०५
म्हणूनच विचारायचंय. पण एक इशारा. डंकावर येणाऱ्या बायका म्हणजे सगळी सांगली नव्हे, त्या विकत चटणी न घेणाऱ्या घरांतल्या. अहवालात तसं स्पष्ट लिहायचं. आणि माणसांना प्रश्न विचारायचे म्हटलं की नैतिकता समितीकडे (संशोधनाला मंजुरी देणारी) जावंच लागतं. नावं-गावं न घेता केलेल्या कमी जोखमीच्या कामाला आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सवलत किंवा जलद तपासणीची सोय आहे, पण ती समितीनं द्यायची असते, आपण आपली घ्यायची नाही. बैठक कधी आहे त्यावर तारखा ठरतात. आजच विचार.

कोयनावेल, संध्याकाळी ६:४०
सर, हे आवडलं. पण स्वतःच्या आईच्या डंकावर ओजेटी कसं चालेल? पत्र कोण देणार?

पीएसएमवाला, संध्याकाळी ६:५२
आई देणार नाही. मार्गदर्शक बाहेरचा हवा, म्हणजे एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचा जनऔषधवैद्यक विभाग. मिरजेत शासकीय आहे, सांगलीत खाजगी आहे. डंक हे फक्त माहिती गोळा करायचं ठिकाण. मानधनाची आशा धरू नकोस. आणि सकाळी मिरची कुटायची, दुपारी विभागात बसायचं, दिवसाला ४ तास धरले तरी १२० तास महिन्याभरात होतात.

साताऱ्याचा_बापू, संध्याकाळी ७:१५
चटणी सातारची बी घ्या नमुन्याला. आमच्यात मीठ कमी असतं.

उगाच_एक, संध्याकाळी ७:१६
आणि तिखट पण.

कोयनावेल, १६ एप्रिल, दुपारी १:२०
विभागप्रमुखांशी बोलले. त्या म्हणतात स्वतः प्रश्नावली करून माहिती गोळा करायची तर ते ओजेटी नाही, 'फील्ड प्रोजेक्ट' होईल. क्रेडिट तेवढेच, फक्त फॉर्म वेगळा आणि कॉलेजचा गाइड लागतो, बाहेरचा सह-गाइड चालेल.

बोलका_बगळा, दुपारी १:२२
म्हणजे शिक्क्याच्या पत्राचा प्रश्नच नव्हता. हे आधी विचारलं असतंस तर हा धागा दहा प्रतिसादांत संपला असता.

पीएसएमवाला, दुपारी १:४०
उलट सोपं झालं. नैतिकता समिती मात्र लागेलच. कॉलेजची स्वतःची आहे का, नसेल तर कुणाची चालते, ते गाइडला विचार. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा करून व्यनि (खासगी निरोप) कर, एका पानाच्या वर नको. डंकावर मिरची कुटायला आलेली बाई वीस मिनिटं उभी राहत नाही.

कोयनावेल, दुपारी १:४४
उभी राहते सर, नंबर लागेपर्यंत दोन तास बसूनच असतात. व्यनि केला आहे.

टेक्सासकर_काका, दुपारी २:०५
तुमच्या डंकावरची चटणी कुरिअरनं परदेशी पाठवता का?