विषय: जुलैची सहल, तळं आणि जिभाऊंना एक प्रश्न

प्रेषक: बाळू, मिनियापोलिस

मंडळी, रामराम.

सहलीचं जवळपास ठरलंय. उत्तरेला, ब्रेनर्डच्याही वर, एका तळ्यावर तीन केबिन शेजारी शेजारी मिळताहेत. आत्तापर्यंत नावं ३८. शनिवारी दिवसभर पाण्यात, दोन वॉटर स्कूटर भाड्याने, संध्याकाळी डॉकवर मोठा स्पीकर लावून अंताक्षरी, रात्री भरीत पार्टी. लाकडं मी गॅरेजमधली आणतो, दोन वर्षं नुसती पडून आहेत.

जिभाऊ, तुमची केबिन त्याच बाजूला आहे. काही राहिलं असेल तर सांगा. गावाला नेट आहे ना?

*

प्रेषक: जिभाऊ, सध्या मुक्काम साक्री तालुका (धुळे), पांझरा नदीकाठ

बाळू,

नेट आहे, वीज नाही. शेतपंपाची लाइन या आठवड्यात रात्रीची, म्हणून दिवसा ओट्यावर रिकामा बसलोय. काल इथे पोरांना केबिनसमोरचा जानेवारीतला फोटो दाखवला, गोठलेल्या तळ्यावर उभी असलेली माझी गाडी. एक म्हातारा म्हणाला, "पानीवर गाड्या चालतस? काय बी सांगस भो!" माणसाला चालायला चार इंच पक्का बर्फ लागतो आणि गाडीला त्याच्या दुपटीहून जास्त, हे सांगेपर्यंत तो उठून गेला होता.

तुझ्या बेतात राहिलेलं काही नाही, जास्तच झालंय.

आधी माणसं. तिकडे गटार नसतं. प्रत्येक केबिनीचा आपापला सेप्टिक टँक, तोही झोपायच्या खोल्या मोजून बांधलेला. माझ्याकडे एका गणपतीला २२ जण मुक्कामी होते. पुरणपोळ्या, कटाची आमटी, तेलकट कढया सिंकमध्येच धुतल्या, अंघोळी एकामागोमाग एक. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी पंपाचा भोंगा वाजायला लागला आणि बाहेरच्या खांबावर लाल दिवा. आरती टाकून मी फावडं घेऊन पळालो, जसं काही फावड्याने ते थांबणार होतं. उपसायची गाडी आली सोमवारी. तोवर सगळी पाहुणेमंडळी नंबर लावून तीन मैलांवरच्या पेट्रोल पंपावर.

हसू नका. तो टँक तुंबला की घाण तळ्याकडेच उतरते, आणि त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं. हिरवळीला फॉस्फरसचं खत घालायला मिनेसोटात २००५ पासून एरवी बंदी आहे ती त्याचमुळे. म्हणून पाण्यात उतरून साबण लावणंही नको.

आता स्पीकर. संध्याकाळी वारा पडला की पाण्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार राहते. आवाज वर निसटत नाही, पाण्याला धरून पलीकडे जातो. समोरच्या काठावर कुणी दाराची कडी लावली तरी मला डॉकवर ऐकू येते. तिथे तुमची अंताक्षरी म्हणजे सगळ्या तळ्याला. आणि त्याच वेळेला लून बोलतात. लाल डोळ्यांचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पक्षी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी रडतंय. जुलैत पिल्लं आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. स्कूटरची लाट आली की ती सांडतात. स्कूटर तशीही सकाळी साडेनऊच्या आधी आणि सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून चालवता येत नाही. एक घे, दोन कशाला? वल्ह्याच्या छोट्या होड्या, कायाक, घ्या चार.

लाकडं तर आणूच नकोस. ॲशची झाडं पोखरणारा किडा असल्याच सरपणातून गावोगाव गेलाय. तिथलीच विकत घे. बोट पाण्याबाहेर काढलीस की बुडाचं बूच उघडून पाणी सोडायचं आणि रस्त्याने जाताना ते उघडंच ठेवायचं. झेब्रा शिंपले, बाहेरून येऊन तळी व्यापणारी जात, त्या पाण्यातूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

तुला वाटेल जिभाऊ म्हातारा झाला, नियम सांगतो. पण मी आत्ता ज्या पाटाशेजारी बसलोय त्याच्यावर फड चालायचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत. एक बंधारा, खाली तीन-चार फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी पाणी सोडणार, बारेकरी वाफ्यावाफ्याला देणार, जागल्या राखणार. पाणी कुणा एकाचं नव्हतं, पाळी मात्र प्रत्येकाची होती. उत्तरेच्या त्या तळ्यावर काठच्या केबिनवाल्यांच्या पहिल्या सभेला गेलो तेव्हा मला आमचाच फड आठवला. बोटी उतरतात तिथे त्या तपासायला शनिवारी कोण उभं राहणार यावर दीड तास वाद. माझ्याकडे आलं थाळी सोडायचं काम. वीत-दीडवीत रुंदीची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी होते तिथे दोरीवरची खूण वाचायची. जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने काढलेली युक्ती. गेल्या ऑगस्टला माझी थाळी १६ फुटांवर गेली. त्या गणपतीनंतरच्या उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यात नऊ. एका टँकने एवढं होतं असं कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही.

*

प्रेषक: आक्का, ओमाहा

जिभाऊ,

वाचून वाटलं, सहलीला नाही, बोर्डाच्या परीक्षेला चाललोय. फडाचं कौतुक ऐकलं, पण फडाच्या सभेला बायकांना कोण बोलवत होतं ते पण लिहा कधीतरी. तळ्यावरच्या सभेत निदान मी हात वर करू शकते.

स्पीकर नको, हे पटलं. माझं म्हणणं, दोन तुकड्या करा, १९-१९. दहा वर्षांखालच्या पोरांना बोटीत लाइफ जॅकेट कायद्यानेच लागतं, भाड्याची जॅकेटं मापाची नसतात, आईबापांनी घरून आणावी. आणि बाळू, तू भरीत करणार कशाचं? बामणोदची हिरवी-पांढरी वांगी तिकडे आहेत का? भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीत, वांगी नाहीत, नुसतं नाव भरीत.

*

प्रेषक: जिभाऊ

आक्का,

बायकांना कुणी बोलवत नव्हतं. माझी आजी पाटावर रात्रीचं पाणी धरायला जायची, सभेला कधी नाही. बरोबर धरलंत.

वांगी तिकडे मिळतात ती काळी, नारळाएवढी, पाणचट. भाजली की त्यांचं पाणी निथळू द्यायचं अर्धा तास, मग जमतं. लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचायची, मिक्सरमध्ये नाही. कढई मात्र कागदाने पुसून घ्यायची आणि मगच धुवायची.

बाळू, पहिल्या तुकडीत माझं नाव घाल. थाळी आणतो.

*

प्रेषक: बाळू, मिनियापोलिस

दोन तुकड्या केल्या. स्कूटर एक. स्पीकर रद्द, पण आमच्या पप्पांचा आवाज कसा रद्द करायचा ते कुणीतरी सांगा.