इंडियाना: पोर्टलवर उभी राहिलेली टीम टिकेल का?

ब्लूमिंग्टनकर: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४ सीझनच्या प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत) आपली इंडियाना युनिव्हर्सिटी नोत्र दामकडून २७-१७ हरली आणि टीव्हीवर लगेच सुरू, यांना प्लेऑफमध्ये घेतलंच कशाला! अहो, २०२३ ला आपण ३-९ होतो (३ जिंकले, ९ हरलो), २०२४ ला ११-२. कोच सिग्नेटींनी त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून १३ पोरं ट्रान्सफर पोर्टलनं (खेळाडूंना कॉलेज बदलू देणारी व्यवस्था) सोबत आणली म्हणून हे झालं. पण पोर्टलची पोरं वर्ष-दोन वर्षांत जाणार. क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा) रुर्क तर गेलाच. हायस्कूलमधली पोरं कधी घडवायची?

हूझियर_पुणे: वेळापत्रक सोपं होतं, हे मान्य करायला हवं. ओहायो स्टेटनं ३८-१५ धुतलं ना. पण वेळापत्रक खेळाडू ठरवत नाहीत, त्यांच्यावर राग का?

शनिवारवाला: बचावाकडे बघा. फिशर, कमारा, पॉन्ड्स, तिघेही २०२५ च्या सीझनला परत आले. पॉन्ड्स जेमतेम पाच फूट नऊ, पण रिसीव्हरला (बॉल झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला) असा चिकटतो की बॉल टाकायला जागाच उरत नाही! अशी पोरं हेरणं हेच खरं रिक्रूटिंग, हायस्कूल खेळाडूंना मिळालेल्या रेटिंगचे स्टार मोजणं नव्हे.

ब्लूमिंग्टनकर: पटलं. पण रुर्क फाटलेल्या एसीएलवर (गुडघ्यातल्या लिगामेंटवर) अख्खा सीझन खेळला, त्यावर चॅनेलवाल्यांनी तासभर तरी बोलावं की नाही?